बुरशी आणि इस्त्री

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण नेहमीचंच, म्हणजे आळस. फक्त या वेळी आळसाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे. गेले काही आठवडे जिना चढलो की छातीत कुणीतरी ओली चादर पिळतंय असं वाटायचं, आणि खोकल्यातून तपकिरी रंगाचे बारीक गोळे पडायला लागले होते. आईने ते एका बाटलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाटली जॅमची होती. लेबल काढायचं राहून गेलं होतं, त्यामुळे तिथल्या नर्सने ती आधी चहाच्या टेबलावर ठेवली.

रिपोर्ट असा आहे की माझ्या फुप्फुसात बुरशीची कॉलनी झाली आहे. आईने विचारलं, कॉलनी म्हणजे साधारण केवढी, आणि त्यांना तिथून उठवता येईल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही बुरशी हवेत सगळीकडे असते, ती रोज सगळ्यांच्याच नाकातून आत जाते आणि बाकीच्यांच्या छातीतून झाडूनही निघते. तुझ्यामाझ्यासारख्यांच्या सिस्टिक फायब्रोसिसमध्ये कफ पडला डिंकासारखा, तेव्हा ती तिथेच मुक्काम करते. जागा उबदार, ओलसर, आणि भाडं नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही हललो नसतो.

पण खरी गोम पुढेच आहे. बुरशी म्हणे फारसं काही करत नाहीये. जे काही चाललंय ते माझंच शरीर करतंय. तिला बघून त्याचं डोकं फिरलंय. रक्तात आयजीई नावाचं काहीतरी असतं, ऍलर्जीची बोंब ठोकणारं, ते माझ्याकडे कितीतरी पटींनी जास्त निघालं. थोडक्यात, चोर एकच, तोही झोपलेला, आणि त्याला पकडायला आलेल्या पोलिसांनी अख्खं घर फोडलं. आता बुरशी कमी करायच्या कॅप्सूल आहेतच, पण मुख्य औषध म्हणजे पोलिसांना खाली बसवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या काही महिने घ्यायच्या.

डेपोतल्या साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला गोदामातून उठवून खिडकीवर बसवलं. बसमध्ये लोक जे विसरतात ते आमच्याकडे येतं हे तुला माहीत आहेच. त्यात जेवणाचे डबेही असतात, आणि ते उघडायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे बुरशी आणि मी, आमची ओळख जुनीच. एवढ्या ओळखीवर ती घरी राहायला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

फोन करणार होतो, पण गेल्या वेळी आपण दोघं आलटूनपालटून खोकलो आणि मुद्दा राहूनच गेला. पत्राला खोकला येत नाही. मावशीला नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढा असू दे, वाढवलास तरी मी तक्रार करणार नाही.

तुझा,
बारक्या


२० जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. जॅमच्या बाटलीपाशी ती इतकी हसली की तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या, आणि मग आम्ही दोघी अर्धा तास जमिनीवर टाचण्या वेचत होतो. दुकानात एक गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला आलं होतं. त्या बाईंना वाटलं की आमच्याकडे काहीतरी धार्मिक चाललंय.

आता ऐक. ती बुरशी माझ्याकडेही आहे. तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. प्रत्येक तपासणीत ती सापडते, डॉक्टर तिची नोंद करतात आणि पुढच्या पानावर जातात. माझ्या शरीराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. तुझं वाचून मी डॉक्टरांना विचारलं, एकाच आईची दोन मुलं, आजार एक, बुरशी एक, मग त्याच्याकडे दंगल आणि माझ्याकडे शुकशुकाट असं का. ते म्हणाले, शरीरात काही पेशी आरडाओरडा करणाऱ्या असतात आणि काही त्यांना गप्प करणाऱ्या. माझ्याकडे गप्प करणाऱ्या कामावर आहेत, तुझ्याकडे बहुतेक रजेवर गेल्यात. का, यावर संशोधन चालू आहे असं म्हणाले. म्हणजे माहीत नाही.

माझ्याकडचा खरा गुंड दुसराच, तो जिवाणू, ज्याच्यापायी मी घर सोडून मावशीकडे राहायला आले. तो तुला लागला तर तुझ्या फुप्फुसांचं काही खरं नाही, म्हणून आपण दोघांनी एका खोलीत बसायचं नाही हा दोन्हीकडच्या डॉक्टरांचा हुकूम. मला त्याची आता सवय झालीय असं मी सगळ्यांना सांगते. तुला सांगायला हरकत नाही की झालेली नाही. साऱ्या जगाला मी चालते, एका तुला सोडून. आई मला भेटून गेली की घरी जाऊन आधी आंघोळ करते आणि मगच तुझ्या खोलीत येते, हे मला माहीत आहे, आणि ते बरोबरच आहे.

गोळ्या वेळेवर घे. भूक फार लागेल. लागली तर खा. आपल्या दोघांच्या आयुष्यात भूक लागण्याचा प्रसंग फारसा आलेला नाही, तेव्हा जरा अनुभव घे.

मावशी विचारते, तुझ्या खिडकीवर एखादी चांगली कात्री आली आणि न्यायला कुणी आलं नाही तर काय करतात. मी तिला सांगितलं की त्याला चोरी म्हणतात. आठवण ठेव, ती पत्राने ठेवलीस तर उत्तम.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

श्वास सुधारला. जिना चढताना आता मध्ये थांबावं लागत नाही. गोळे पडायचे बंद झाले. डॉक्टरीणबाई खूश आहेत, त्यांच्या हिशेबाने मी चांगला पेशंट आहे. माझ्या हिशेबाने मी आता मीच राहिलेलो नाही.

आधी चेहरा. तो गोल झालाय. अंग तेवढंच बारीक, आणि वर हा भोपळा. डेपोच्या फाटकावर परवा नवीन वॉचमन होता. त्याने माझ्या ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि सांगितलं की हे कुणाचं तरी कार्ड पडलेलं दिसतंय, आत राहिलेल्या वस्तूंच्या खिडकीत जमा करा. मी आत गेलो आणि जमा करून घेतलं. मग मालकाला परत केलं म्हणून सहीसुद्धा केली. आई मात्र आनंदात आहे. माझ्या गालांना मांस यावं म्हणून तिने जन्मभर दुधाची पातेली रिकामी केली, आता आलंय तर शेजारणींना बोलावून दाखवते. हे मांस नाही, औषधाची सूज आहे, हे तिला सांगायला जीव होत नाही.

झोप येत नाही. चिडचिड होते. साहेबांवर ओरडलो, तर त्यांनी घाबरून मला चहा आणून दिला, त्याचीही मला लाज वाटली. एका आजोबांना त्यांची छत्री सापडली म्हणून मी खिडकीवर बसून रडलो. छत्री धडही नव्हती. मला हे सहन होत नाहीये, ताई, हे अगदी सरळ सांगतो. आजारी असताना मी निदान माझ्या ओळखीचा होतो.

आता श्वास चांगला आहे, तर गोळ्या कशाला, असं मला रोज सकाळी वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून काही महिने, आणि मग थोडी थोडी कमी करत बंद. मला उद्यापासून बंद करायच्यात. आईला विचारलं तर ती डॉक्टरीणबाईंना विचारणार, आणि डॉक्टरीणबाई काय सांगणार ते मला पाठ आहे. म्हणून तुला विचारतो. तू नको म्हणालीस तर एकही गोळी चुकवणार नाही, गळ्याशपथ. तू कर म्हणालीस तर त्याच दिवशी बंद. तुझं पत्र हातात पडेपर्यंत चालू ठेवतो. फोनवर सांगू नकोस. फोनवर मी वाद घालीन, आणि सध्या मला वाद घालायला आवडतो.

लोभाबद्दल वेगळं लिहीत नाही, या पत्रात तोच मागितलाय.

तुझा,
बारक्या (नाव बदलायला झालंय)


११ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्या वाचल्या डॉक्टरांना फोन केला, आणि लगेच लिहायला बसले. माझ्या बॉलपेनने ऐन वेळी मान टाकली, म्हणून मावशीच्या कटिंग टेबलावरचं कापडावर खुणा करायचं पेन घेतलंय. रंग जरा फिका वाटेल, चालवून घे.

बंद करायच्या नाहीत. हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं, पेनामुळे तिसऱ्या ओळीत आलं. आता का नाही, ते सांगते. मी डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं ते दुकानाच्या भाषेत.

मागे लग्नाच्या गर्दीत मावशीने काजं करायचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली, आठवतं. आपला काजवाला कारागीर काही दिवस रिकामा बसला, आणि मग इथे आपलं काही काम नाही म्हणून गावी निघून गेला. नंतर एका सकाळी बाहेरचा माणूस यायचा बंद झाला. दुकानात शर्टच शर्ट, आणि एकालाही काजं नाहीत. तुझ्या शरीराचं तसंच झालंय. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी असते, ती तुझ्या गोळीतलं औषध रोज थोडं थोडं घरीच बनवते. बाहेरून आयतं यायला लागल्यावर ती काम सोडून बसलीय. तू गोळी एकदम तोडलीस तर बाहेरचं बंद आणि घरचा कारागीर गावी. माणूस त्याने नुसता दमत नाही, कोसळतो. म्हणून हळूहळू कमी करायचं, म्हणजे त्याला निरोप पोचतो आणि तो परत येतो.

शिवाय तुझे ते पोलीस झोपलेले नाहीत. गोळीने त्यांना खाली बसवून ठेवलंय. गोळी उठली की तेही उठणार.

आणि हे मी डॉक्टरांना विचारून लिहीत नाहीये. मला भीती वाटते. तुला काही झालं तर मी येऊ शकत नाही. बाकीच्या बहिणी रात्रीची गाडी पकडतात, मला ते करता येत नाही. त्यामुळे तू आजारी पडायचं नाहीस. हा हट्ट आहे, याला कारण वगैरे नाही.

चेहऱ्याचं म्हणशील तर तो उतरेल. तोवर फोटो पाठव, मावशीला नवीन उशीसाठी आकार हवाय. छत्रीवाल्या आजोबांपायी रडलास त्यात लाज कसली, कुणीतरी रडायला हवंच होतं.

तेव्हा उत्तर: नको. नको. आणि तू शब्दांत पळवाट शोधतोस म्हणून तिसऱ्यांदा, नको.

मावशी पाकिटावर पत्ता घालायला मार्कर घेऊन उभीच आहे. माझ्यावर लोभ असेल तर गोळी घे, इतका सोपा हिशेब आहे.

तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कोरा कागद पोचला. एक नाही, दोन. चारही बाजू कोऱ्या.

आधी वाटलं चुकून भलतेच कागद पाकिटात गेले. पाकिटावरचा पत्ता मावशीच्या मार्करने ठसठशीत. दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले, काही नाही. मग लक्षात आलं. तू नेहमी म्हणतेस की स्वतःचं स्वतः ठरवायला शीक, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे येऊ नकोस. या वेळी ते तू न लिहिता सांगितलंस. हुशारी आहे, मान्य करतो.

पण खरं सांगू, वाईट वाटलं. मी तुला गमतीत विचारलं नव्हतं. नुसतं 'तुझं तू बघ' एवढं जरी लिहिलं असतंस तरी चाललं असतं, तीन शब्दांना किती शाई लागते. फोन उचलला होता, पण परत ठेवला. मलाही थोडा मान आहे.

तर माझं मी पाहिलं. कालपासून गोळी बंद. आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. आज जरा मळमळतंय, पण ते डेपोतल्या चहामुळे असावं.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे.

बारक्या


२२ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मी खोकत होते, दोघींनाही धड काही कळलं नाही, म्हणून लिहिते. तू एवढंच सांगितलंस की तो खिडकीवरच चक्कर येऊन पडला, उलट्या थांबेनात, ब्लडप्रेशर सापडेना, आणि आता दवाखान्यात सलाईनमधून तीच औषधं चालू आहेत जी त्याने बंद केली होती. श्वासही पुन्हा बिघडलाय. त्याच दिवशी दुपारी मला त्याचं पत्र मिळालं.

आई, मी कोरा कागद पाठवला नाही. मी दोन कागद, चारही बाजू भरून लिहिलं की गोळी बंद करू नकोस. तीन वेळा नको लिहिलं. मावशी शेजारी उभी होती, तिने डोळ्यांनी पाहिलं आणि तिनेच ते पाकिटात घातलं. पोस्टात पत्र गहाळ होतं हे मी ऐकलंय. अक्षरं तेवढी गहाळ होऊन कागद सुखरूप पोचतो, हे कुठल्या पोस्टात होतं.

त्याला वाटतंय की त्याने एवढं कळवळून विचारलं आणि मी कोरा कागद पाठवला. तो तसं समजून पडला. मला जेवण जात नाही. मी त्याच्या दवाखान्यात येऊन बाहेरच्या बाकावरसुद्धा बसू शकत नाही, कारण माझ्यासारखा धोका त्याला त्या अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कशाचा नाही. इथे मी दिवसभर लोकांच्या बाह्या लावते आहे. काल एका कोटाला दोन्ही डाव्या लावल्या.

त्याला सांग की मी लिहिलं होतं. आज सांग. आणि त्या पत्राचं काय झालं ते मला कळव. माझ्यावरची माया त्याच्याकडे वळव, सध्या त्याला ती जास्त हवी आहे.

तुझी,
ताई


२६ मार्च

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, चुका पोटात घाल. तो बरा आहे. काल उठून बसला, थोडं जेवला, आणि दवाखान्याच्या जेवणाला नावं ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नावं ठेवणं हे चांगलं लक्षण आहे. तू लिहिलं होतंस हे त्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून वळला. मग म्हणाला की ताईला सांग, मला माहीत नव्हतं.

आता पत्राचं. मी ते इस्त्री केलं.

मी तुझी सगळीच पत्रं इस्त्री करते, पहिल्यापासून. पाकीट उघडते, कागद पालथा ठेवते, वर मलमलचा तुकडा टाकते आणि गरम इस्त्री फिरवते. मग उलटवून पुन्हा. वाचत नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मीच तुम्हाला शिकवलं. बारक्याला ठाऊक आहे. तुला कळू द्यायचं नाही असं मीच त्याला बजावलं होतं. आंघोळीचं तुला सांगितलं, इस्त्रीचं सांगवलं नाही. घरात येणारं सगळं मी धुते, उकळते नाहीतर उन्हात टाकते. पत्र धुता येत नाही आणि उकळताही येत नाही.

अक्षरं कशी गेली ते मला कळत नाही. आजवर कधी गेली नव्हती. पण गेली ती माझ्याच हाताखाली, यात शंका नाही.

आज डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की इतके दिवस पोस्टात फिरलेल्या सुक्या कागदाची काळजी करायचं कारण नव्हतं, इस्त्रीची गरजच नव्हती. त्या सहज म्हणाल्या. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. तुमचे बाबा गेल्यापासून मी एकच काम केलं, बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही. त्यात तुझं पत्रही आलं. मी कागदाला भीत होते, तुला नाही. पण तुला ते ऐकायला वेगळं वाटणार नाही हे मला कळतं, म्हणून तर लपवलं.

तुला राग येणार. येऊ दे. जेवण मात्र सोडू नकोस, तुझं वजन आधीच नाही.

तुझी,
आई


३१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आलाय. आधी तो लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी निदान एक गोष्ट त्या घरात जशीच्या तशी जाते. मी त्याच्या खोलीत येऊ शकत नाही, पण माझं पत्र त्याच्या उशाशी असतं, असं मी रात्री पडल्या पडल्या मनाशी म्हणायची. ते पत्र तू दारात भाजून आत पाठवत होतीस. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली की तुझी आई लहानपणी नाणीसुद्धा धुवायची. म्हणजे हे घराण्यात आहे.

अक्षरं का गेली ते सांगते. ते पेन कापडावर खूण करायचं होतं. त्याची खुबीच ती, शिवून झालं की वरून इस्त्री फिरवायची, खूण जाते. गिऱ्हाइकांना मी हे दिवसातून चारदा सांगते. पत्राला कुणी इस्त्री करील हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि इस्त्रीने शाई जाईल हे तुझ्या. असा अपघात दुसऱ्या कुठल्या घरात झाला नसता, एवढं आपलं कौतुक आहे.

त्या शाईचं आणखी एक आहे. ती गारठली की परत येते. दोन्ही कागद फ्रीजरमध्ये रात्रभर ठेव आणि मग त्याला वाचायला दे. पुसट दिसेल, पण दिसेल.

काल डॉक्टर मला पुन्हा त्याच्या रक्ताबद्दल सांगत होते. बुरशी गरीब असली तरी त्याचं शरीर तिच्यावर तुटून पडतं आणि नुकसान स्वतःचंच करून घेतं. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे तू होतीस, मलमल आणि इस्त्री घेऊन. मग हेही आठवलं की तुझ्या त्या तुटून पडण्यामुळेच आम्ही दोघं या वयापर्यंत आलो. तेव्हा राग पुरता टिकला नाही, याचाही मला राग आहे.

इस्त्री एकदम बंद करू नकोस. तुला झोप लागणार नाही, तू पडशील, आणि मग तुला कोण बघणार. त्याची गोळी जशी उतरवतात तशी उतरव. पुढच्या एकदोन पत्रांना कोमट इस्त्री. त्यानंतर नुसत्या पाकिटाला. मग इस्त्री बाहेर काढून ठेव, पण बटण लावू नकोस. मग काढूही नकोस. मी यापुढे बॉलपेननेच लिहीन, तुझा हात सुटला तरी घात व्हायला नको.

रागावलेल्या मुलीचाही नमस्कार असतोच, तो घे.

तुझी,
ताई


२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोलीस खाली बसले. आयजीई निम्म्याहून खाली आलं. बुरशी आहे तिथेच आहे, तिची कुणी चौकशी केली नाही. गोळी आता अर्ध्यावर आलीय, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते तुझा तो काजवाला कारागीर गावाहून निघालाय, अजून पोचलेला नाही. चेहरा थोडा उतरला. वॉचमनला मी आता ओळखू येतो, पण फोटोतला माणूस त्याला जास्त आवडला होता असं वाटतं.

फ्रीजरमधलं पत्र मी तेव्हाच वाचलं होतं, फोनवर बोललोही, पण नीट सांगता आलं नाही. आईने बर्फाचा ट्रे बाहेर काढून त्याच्या जागी तुझे दोन कागद ठेवले होते. सकाळी उघडून पाहिलं तर अक्षरं आलेली, फिकट निळी. मी फ्रीजचं दार उघडं ठेवून तिथेच उभ्याने वाचलं. कागद गरम झाला की पुन्हा जाईल अशी भीती वाटत होती. चारही बाजू वाचून झाल्या तरी आई विजेबद्दल काही म्हणाली नाही. तिन्ही नको पाहिले. तू मला सोडून दिलं नव्हतंस, हे मला मरायच्या आधी कळलं याचं बरं वाटलं, आणि मी मेलो नाही याचंही.

आईचा कोर्स तू सांगितलास तसा चालू होता. माझी गोळी उतरवणं आणि तिची कोमट इस्त्री एकाच आठवड्यात सुरू झालं. नुसत्या पाकिटाला इस्त्री करायची पायरी तिला फार जड गेली, कागद ती तरीही उन्हात सपाट पसरून मगच मला द्यायची. त्या आठवड्यात तिने घरातले सगळे पडदे इस्त्री केले, आणि माझे मोजे.

काल तुझं पत्र आलं. तिने ते बंद पाकिटातच माझ्या हातात दिलं आणि जाऊन दारात उभी राहिली. मी फोडलं. कागदाला घड्या होत्या. इतकी वर्षं तुझी पत्रं मला सपाट मिळत आली, मला त्याचं कधी काही वाटलंही नाही. तू कागदाची तिघडी करतेस आणि एक कोपरा आत मुडपतेस हे मला काल कळलं. शाळेत जाताना माझ्या खिशात रुमाल कोंबायचीस तो असाच, सुटू नये म्हणून. आणि कागदाला वास होता. मशीनच्या तेलाचा, कोऱ्या कापडाच्या खळीचा, आणि त्याखाली तुझा. मी तो नाकाला लावला आणि जेवढा श्वास आत जातो तेवढा घेतला. आईने ते पाहिलं. मला वाटलं आता हातातून ओढून घेणार. ती गेली आणि तिने भांडी घासायला घेतली.

नंतर मी पत्र टेबलावर ठेवून तोंड धुवायला गेलो. परत आलो तर ते तिच्या हातात होतं. वाचत नव्हती. डोळे मिटून नाकाशी धरून उभी होती, ओल्या हातांनी.

मी परत तोंड धुवायला गेलो.

बाकी कुशल. कागदाचा कोपरा ओला झालाय, पण शाई गेली नाही. मावशीला नमस्कार, कात्री अजून आलेली नाही. लोभ पाठवशील तो असाच घडी घालून पाठव.

तुझा,
बारक्या